गेल डेव्हर्स : वेगवान धावपटू आणि गळ्यातली ग्रंथी

थायरॉइडबद्दल लिहायला घेतले की लेख बहुधा चाचण्यांच्या आकड्यांत आणि हॉर्मोन्सच्या नावांत अडकतो. म्हणून आज वेगळी वाट धरू. अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स हिच्या कारकिर्दीचा इतिहास पाहू आणि त्या ओघात ग्रेव्ह्ज आजार समजून घेऊ. या आजाराचे वर्णन वैद्यकात १८३५ पासून आहे. तरीही देशातल्या अव्वल खेळाडूच्या शरीरात तो जवळपास दोन वर्षे कुणालाच ओळखता आला नाही. असे का झाले, हा आजचा मुख्य प्रश्न.

१९८८ : एकाच वर्षात शिखर आणि घसरण

गेलचा जन्म १९६६ चा. बालपण कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बॉब कर्सी या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली ती तयार झाली. १०० मीटर धावणे आणि १०० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोन्हींत ती तरबेज होती. १९८८ मध्ये तिने अडथळ्यांच्या शर्यतीत १२.६१ सेकंदांचा अमेरिकी विक्रम केला. त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये मात्र तिला अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही.

नंतर तक्रारींची रांगच लागली. वजन कमी-जास्त होई, केस गळत, डोके दुखे, हात थरथरत, दृष्टी अंधूक होई आणि थकवा तर पाठ सोडत नसे. सराव जास्त होतोय, ताण आहे, विश्रांती घे, असे सल्ले तिला मिळत राहिले. १९८९ आणि १९९० ही ऐन उमेदीची वर्षे मैदानाबाहेर गेली. शेवटी १९९० मध्ये निदान झाले : ग्रेव्ह्ज आजार.

नेमके काय बिघडते?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची चूल किती मोठ्या आचेवर चालवायची, हे तिचे हॉर्मोन ठरवते. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हा संदेश पाठवून तिच्यावर लगाम ठेवते. ग्रेव्ह्ज आजारात आपलीच प्रतिकारयंत्रणा चुकीचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवते. ते थायरॉइडवर जाऊन बसतात आणि टीएसएचची नक्कल करतात. मग ग्रंथी कुणाचेच ऐकत नाही आणि हॉर्मोन ओतत सुटते.

परिणाम सगळ्या शरीरावर होतो. बसल्या जागी छातीत धडधड होते, घाम येतो, उकाडा सोसत नाही, झोप उडते, भूक असूनही बहुतेकांचे वजन उतरते, पाळी बिघडते. मांड्या, नितंब आणि खांद्यांचे मोठे स्नायू अशक्त होतात. साध्या माणसाला जिना चढताना मांड्या भरून येतात. स्प्रिंटरची तर सारी ताकदच त्या स्नायूंत असते.

मग निदान का हुकले?

तेव्हा चाचणी नव्हती असे नाही. थायरॉइडच्या रक्तचाचण्या १९८८ च्या आधीपासून उपलब्ध होत्या. अडचण अशी की प्रत्येक तक्रारीला दुसरे सोपे कारण हजर होते. खेळाडू थकली तर अतिसराव. वजन घटले तर मेहनत. मन अस्वस्थ झाले तर स्पर्धेचे दडपण. एकेक लक्षण सुटे पाहिले की प्रत्येकाचे समाधानकारक उत्तर मिळते आणि आजार निसटतो.

याला जुना इतिहासही आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये धडधड आणि गळ्याची सूज एकत्र असलेल्या स्त्रियांचे वर्णन छापले. १८४० मध्ये जर्मनीच्या कार्ल फॉन बासेडो यांनी गलगंड, बटबटीत डोळे आणि जलद नाडी हे त्रिकूट मांडले. त्यानंतरही कित्येक वर्षे अनेक डॉक्टर याला नसांचा किंवा मानसिक धक्क्याचा आजार समजत. हा आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा कित्येक पटीने जास्त आढळतो, हे इथे लक्षात घ्या. बाई सांगतेय म्हणजे ‘नर्व्हस’ असेल, हा समज एकोणिसाव्या शतकात होता. आज त्याला ‘टेन्शन’ म्हणतात, इतकाच फरक.

उपचार आणि पायांवरचे संकट

धडधड आणि कंप आटोक्यात ठेवायला बीटा-ब्लॉकर गटाची औषधे देतात. ती तेव्हा खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत होती, म्हणून गेलने ती नाकारली. (आज ही बंदी नेमबाजी, तिरंदाजी अशा मोजक्या खेळांपुरती आहे.) तिला किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले. ही पद्धत १९४१ मध्ये बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी प्रथम वापरली. थायरॉइड आयोडीन शोषून घेते, त्यामुळे ते बरोबर ग्रंथीत पोचते आणि तिथल्या पेशी नष्ट करते.

पुढे मात्र अघटित घडले. तिचे पाय सुजले, फोड आले, रक्त येऊ लागले. चालणेही अशक्य झाले. आईवडिलांनी तिला उचलून न्यावे अशी वेळ आली. १९९१ च्या मार्चमध्ये पाय कापावे लागतील का, इथपर्यंत चर्चा गेली. हा उपचारांचा परिणाम मानला गेला. उपचारांत बदल केल्यावर पाय हळूहळू सुधारले.

इथे एक खुलासा हवा. किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना पायांचा असा त्रास होत नाही. एका खेळाडूची गोष्ट वाचून उपचार नाकारू नका. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मात्र ते देत नाहीत.

पुनरागमन

त्यानंतर ती पुन्हा ट्रॅकवर आली. पायांत फक्त मोजे घालून ती चालायला लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिने अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य मिळवले.

१ ऑगस्ट १९९२ ला बार्सिलोनात १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. पहिल्या पाच धावपटू अवघ्या ०.०६ सेकंदाच्या आत होत्या. फोटो पाहून निकाल लागला : गेल डेव्हर्स, १०.८२ सेकंद, सुवर्ण. काही दिवसांनी अडथळ्यांच्या शर्यतीत ती आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्याला पाय लागला, ती कोलमडली आणि पाचवी आली. १९९६ मध्ये अटलांटात तिने १०० मीटरचे सुवर्ण राखले. तिच्या आधी ही कामगिरी एकट्या वायोमिया टायस हिने केली होती. अडथळ्यांत ती तीनदा जगज्जेती झाली, पण ऑलिंपिक पदक तिला कधीच मिळाले नाही. २००४ चे अथेन्स हे तिचे पाचवे ऑलिंपिक.

सुवर्णपदक म्हणजे बरे होणे नव्हे

ही गोष्ट नेहमी ‘आजारावर मात’ अशी सांगितली जाते. डॉक्टर म्हणून मला त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. ग्रंथी निकामी केल्यावर बहुतेकांत हॉर्मोन कमी पडते आणि थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गेलही ती घेते. शिवाय ग्रेव्ह्जसोबत येणारा डोळ्यांचा आजार हा वेगळा विकार आहे आणि थायरॉइडची पातळी नीट झाली तरी तो राहू शकतो. गेलचा डोळ्यांचा त्रास कित्येक वर्षे चालला आणि त्याचे नेमके नाव तिला खूप उशिरा कळले. म्हणजे निदान तिच्या बाबतीत दोनदा लांबले. आता ती स्वतः याबद्दल जाहीरपणे बोलते.

वाचकहो, आपल्या घरात असे कुणी आहे का, ते पाहा. धडधड, हातांचा कंप, कारण नसताना घटणारे वजन, उकाडा न सोसणे, बिघडलेली पाळी, गळ्याची सूज, डोळे मोठे दिसणे किंवा चुरचुरणे, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांकडे जा. तारखांसह सगळ्या तक्रारी एकाच कागदावर लिहून न्या, म्हणजे त्या सुट्या राहणार नाहीत. टीएसएच आणि टी-४ ची तपासणी साध्या रक्तनमुन्यात होते. औषध सुरू असेल तर ते मनाने बंद करू नका.

आणि घरातली बाई ‘मला बरं वाटत नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे उत्तर तपासणी झाल्यानंतर द्या, आधी नको.