नांगराआधी चूल : किर्लोस्करवाडीची पहिली घरे

पुणे–मिरज लोहमार्गावर आज ज्या स्थानकाला किर्लोस्करवाडी म्हणतात, त्याचे जुने नाव कुंडल रोड. या वाडीचा इतिहास सांगायला बसले की पहिला येतो लोखंडी नांगर, मग चरक, मग पंप. हे सारे खरेच आहे. परंतु १० मार्च १९१० रोजी ज्या माळावर ही वसाहत उभी राहू लागली, तिथे त्या दिवशी नांगर कुणालाच नको होता. संध्याकाळी पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे जेवणार काय, हा प्रश्न आधीचा होता. या धाग्याचा विषय तोच आहे.

थोडे मागे जावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान काढले होते. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीला विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. जम बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले, कारण तिथे शहराचे नवे उपनगर वसवायचे होते. एक वस्ती वसावी म्हणून दुसरीला उठावे लागले.

त्या वेळी औंध संस्थानच्या एका बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. नुकतेच गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अडचण ऐकली आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. सोबत दहा हजार रुपये, बिनव्याजी.

औंध संस्थानचा नकाशा विलक्षण होता. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात; मधे आणि भोवती इंग्रजी अंमलाचा मुलूख. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ज्या घरांविषयी हे लेखन आहे ती जागची न हलता एका संस्थानातून दोन जिल्ह्यांत गेली.

मिळालेली जमीन मात्र ओसाड होती. सर्वत्र निवडुंग माजलेला आणि त्यात नागांची वस्ती. शंतनुराव किर्लोस्कर तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. पुढे त्यांनी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे नाव दिले, त्यातला ‘कॅक्टस’ हाच.

इथे एक आडवाट. दख्खनच्या माळांवर पसरलेला फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. मिरची आणि भुईमूगही तिथलेच. म्हणजे दिवसभर एक अमेरिकन वनस्पती तोडायची आणि दुपारी शेंगदाण्याची चटणी व मिरचीचा खर्डा भाकरीवर घेऊन आणखी दोन पोटात घालायच्या, असा तो उद्योग होता. सातारा-सांगलीच्या ज्या जेवणाला आपण ‘अस्सल गावरान’ म्हणतो, त्याची मुळे इतकी दूरवर पोहोचतात.

माळावर घर मांडणे म्हणजे भिंती आणि छप्पर एवढेच नव्हे. चुलीसाठी माती हवी, सारवायला शेण हवे, जळणासाठी शेणी हव्यात, आणि शेणींसाठी गुरे हवीत. जुन्या गावात ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या तयार असते. नव्या सुनेला ती दिसतही नाही. शेजारणीकडून विस्तव आणावा, विरजण मागावे, जाते नसेल तर दुसरीच्या जात्यावर दळावे, इतके ते सहज असते. निवडुंग तोडून केलेल्या वसाहतीत साऱ्याच घरांचा पहिला दिवस एकच होता. विस्तव मागायला जुने घर नव्हते.

त्यातून हा मुलूख पर्जन्यछायेचा. कृष्णा फार दूर नाही, पण माळाला तिचा काय उपयोग? बेळगावकडे पाऊस मुबलक, तिथे भात सहज पिकतो आणि सहज शिजतो. कुंडलच्या बाजूला शाळू ज्वारीचे राज्य. तांदूळ आधणात टाकला की अर्धे काम अग्नी करतो. भाकरीचे तसे नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात भिजवून काठवटीत तळहाताने रगडावे लागते. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, म्हणजे होता तो चिकटपणाही संपतो, आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. महिन्याचे दळण एकदम करून ठेवण्याची सोय त्यामुळे नसे. पहाटेचे जाते आपण ओव्यांमुळे भावनेने आठवतो. त्यामागे धान्याच्या गुणधर्माची ही सक्ती होती.

आता त्यात कारखाना आला. शेतावरची न्याहारी थोडी मागेपुढे झाली तर चालते, बैल घड्याळ पाहत नाहीत. कारखान्याला वेळ असते. कामावर जाणाऱ्याला ठरल्या वेळी जेवण हवे, म्हणून भाकरी ठरल्या वेळी हवी, म्हणून जाते त्याहून दोन तास आधी फिरायला हवे. कामाच्या शिस्तीविषयी औद्योगिक इतिहासात पुष्कळ लिहिले जाते. पण ती शिस्त कामगाराच्या आधी त्याच्या घरातील बाईला लागू होते. तिचे नाव हजेरीपटावर नसते, एवढाच फरक.

वाडीची जी कथा सर्वत्र सांगितली जाते तिच्यात नावे भरपूर आहेत. वसाहतीची आखणी आणि कारभार पाहणारे रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, हिशेबाचे मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, शिवाय पहारेकरी म्हणून नेमलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई सोडल्या तर स्त्रिया या यादीत येत नाहीत. पंचवीस कुटुंबे म्हणजे किमान पंचवीस चुली. त्या पेटत्या ठेवणाऱ्यांना कथेत जागा मिळाली नाही.

त्या दोन पहारेकऱ्यांविषयी थोडे थांबले पाहिजे. दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले. त्यांना वसाहतीत घर देणे, आणि तेही राखणीसाठी, हे धाडस होते. पुढे १९३९ मध्ये औंध संस्थानातच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत झाली, तिथे कैदी कुटुंबासह राहत. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांचा त्यात मोठा वाटा होता, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. कुंडलच्या माळावर तीन दशके आधी तेच सूत्र लहान प्रमाणात वापरले गेले होते : माणूस पुन्हा माणसांत बसवायचा तर त्याला घर आणि शेजार द्यावा लागतो.

शेजार हा शब्द तेव्हा सोपा नव्हता. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. कारखान्यात असा नियम पाळणे तुलनेने सोपे, कारण लेथ जात विचारत नाही. खरी परीक्षा पाण्याच्या घागरीपाशी आणि जेवणाच्या पंगतीत होते. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या घरचा विस्तव चालतो, कोणाची भाकरी चालते, हे ठरवण्याची जागा स्वयंपाकघर. मालकाने काढलेला नियम उंबऱ्याच्या आत किती शिरला, हे प्रत्येक घराचे वेगळे असणार. मात्र तो प्रश्न रोज, घागर भरताना, समोर येईल अशी जागा या वसाहतीने निर्माण केली, हे कमी नव्हे.

त्या काळात जगभर कारखान्यांभोवती गावे वसत होती. इंग्लंडात लिव्हर कंपनीचे पोर्ट सनलाइट १८८८ पासून, कॅडबरींचे बोर्नव्हिल त्यानंतर. बोर्नव्हिलच्या घरांमागे फळझाडांच्या बागा लावलेल्या. इकडे साकचीच्या जंगलात टाटांचे पोलादाचे शहर नुकते आकार घेत होते. या साऱ्यांच्या मागे मोठे भांडवल होते. कुंडलला दहा हजारांचे कर्ज आणि ३२ एकर माळ. तरीही तिथे बागा फुलल्या. शंतनुरावांच्या शीर्षकातले गुलाब ते.

अशा नव्या वसाहतीत एक गोष्ट मात्र तुटते, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. स्वयंपाक हे सासूकडून सुनेकडे हातोहात जाणारे ज्ञान. ‘अंदाजाने मीठ’, ‘हाताला लागेल तेवढे पाणी’ ही त्याची परिभाषा. समोर दाखवणारी कोणी असेल तरच तिचा अर्थ लागतो. नोकरीसाठी दूर गेलेल्या घरात वडीलधारी बाई नसेल तर तो अंदाज शिकवायचा कुणी? मराठीत पाकशास्त्राची पुस्तके होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, आणि किर्लोस्करवाडी वसत होती त्याच सुमारास लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले. परंतु पुस्तक उघडून भाजी करणे ही सुशिक्षित शहरी घरांतली गोष्ट होती.

हे अंतर भरून काढण्याचा एक मार्ग या माळावरच तयार झाला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी होते, पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने महाराष्ट्रभर गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. निवडुंग तोडून वसवलेल्या, संस्थानी मुलखातल्या एका आडवाटेच्या स्थानकावरून निघालेले मासिक विदर्भापासून गोव्यापर्यंतच्या घरांत बायका वाचू लागल्या. सासर, शिक्षण, मूल, घरखर्च यांविषयी परक्या गावच्या बाईशी छापील शब्दांतून बोलता येते, ही सवय त्यातून लागली. हाही एक शेजारच.

आणि आता कुंडल. वाडीपासून काही मैलांवरच्या या गावी १९१३ मध्ये, म्हणजे वसाहत तीन वर्षांची असताना, एका मुलीचा जन्म झाला. तिचे शालेय शिक्षण बेताचेच. लग्न होऊन ती सांगलीस आली आणि तिथे सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकली, अगदी जुन्या पद्धतीने, पाहून आणि करून. या कमलाबाई ओगले. १९७० मध्ये त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले, किर्लोस्कर प्रकाशनाकडून.

‘रुचिरा’च्या खपाविषयी बोलले जाते, तिच्या मापांविषयी कमी. कमलाबाईंनी प्रमाण दिले ते वाटीने आणि चमच्याने. तराजू नाही, पाश्चात्त्य मापे नाहीत. प्रत्येक मराठी फडताळात असतेच असते ते भांडे त्यांनी माप म्हणून वापरले. सासूच्या हातातला अंदाज त्यामुळे प्रथमच टपालाने पाठवता येण्याजोगा झाला. पुढच्या काळात मुंबईच्या दोन खोल्यांत, भिलाईच्या क्वार्टरमध्ये किंवा परदेशातल्या भाड्याच्या घरात पहिल्यांदा भाकरी थापायला उभ्या राहिलेल्या मुलींच्या ओट्यावर हे पुस्तक पिठाच्या बोटांसह उघडे पडलेले असे. आईने लग्नात रुखवतासोबत द्यायच्या वस्तूंत त्याची गणना होऊ लागली, आणि कमलाबाईंना लाखावर सुनांची एकच सासू म्हटले जाऊ लागले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. बहुतेक घरांतल्या जुन्या प्रतींचे मुखपृष्ठ सुटलेले असते, आणि पुरणपोळीचे पान तेलाने पारदर्शक झालेले.