प्लास्टिकला ‘खवट’ होण्यापासून वाचवणारी हळद, कांद्याची साल आणि व्हिटॅमिन ई

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की काळपट आणि चिकट होते, बरेच दिवस उघडे राहिले की खवट होते. प्लास्टिकचेही जवळपास असेच होते. दोन्हीकडे कारण एकच, हवेतला ऑक्सिजन. हा बिघाड रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये अँटिऑक्सिडंट मिसळतात. आज ही रसायने बहुतेक कृत्रिम असतात. त्यांची जागा वनस्पतींमधले घटक घेऊ शकतील का, यावर संशोधन सुरू आहे.

वितळताना काय बिघडते?

बादली, डबा किंवा पिशवी बनवताना प्लास्टिकचा दाणा मशीनमध्ये साधारण १८० ते २५० अंश सेल्सिअसला वितळवतात. उष्णता आणि फिरत्या स्क्रूचा ताण यांमुळे प्लास्टिकचे साखळीसारखे लांब रेणू काही जागी तुटतात. तुटलेले टोक, म्हणजे मुक्त मूलक, ऑक्सिजनशी जोडले जाते आणि शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेते. मग ती साखळीही मूलक बनते आणि बिघाड पुढे पसरत जातो.

परिणाम प्लास्टिकप्रमाणे बदलतो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि वस्तू ठिसूळ होते. पॉलिथिलीनच्या साखळ्या बऱ्याचदा एकमेकींत गुंततात. त्यामुळे वितळलेला माल घट्ट होतो आणि फिल्ममध्ये गाठी दिसतात.

अँटिऑक्सिडंट काय करतो?

तो स्वतःचा हायड्रोजन मूलकाला देऊन त्याला शांत करतो आणि साखळी तिथेच थांबते. हे काम फिनॉल गटाचे रेणू उत्तम करतात. उद्योगात इर्गानॉक्स १०१० हे फिनॉल आणि इर्गाफॉस १६८ हे फॉस्फाइट यांची जोडी सर्रास वापरली जाते. प्रमाण अगदी कमी, साधारण ०.०५ ते ०.२ टक्के.

मग पर्याय कशाला?

कृत्रिम अँटिऑक्सिडंट स्वस्त आणि प्रभावी आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या विघटनातून तयार होणाऱ्या पदार्थांचा. पॉलिथिलीनच्या पाइपमधून अशा फिनॉलवर्गीय पदार्थांचे अंश पाण्यात उतरल्याचे आढळले आहे. जैवऔषधे बनवताना पेशी वाढवण्यासाठी एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या असतात. इर्गाफॉस १६८ पासून तयार झालेला एक पदार्थ त्या पेशींची वाढ रोखतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यावरून घरातला डबा विषारी ठरत नाही, पण पर्याय शोधण्याला यामुळे कारण मिळाले.

कोणते वनस्पतिजन्य घटक?

• व्हिटॅमिन ई : वनस्पती तेलांत आढळते आणि प्लास्टिक उद्योगात प्रत्यक्ष वापरात आहे. कृत्रिम खुबा आणि गुडघ्यातल्या पॉलिथिलीनमध्येही ते मिसळतात. हे पॉलिथिलीन झिजू नये म्हणून त्यावर किरणांचा मारा करतात. त्यातून उरलेले मूलक व्हिटॅमिन ई शांत करते. असे खुब्याचे सांधे २००७ पासून रुग्णांमध्ये बसवले जात आहेत.

• क्वेर्सेटिन : कांद्याच्या सालीत भरपूर असते. बुडापेस्टच्या संशोधकांनी पॉलिथिलीनवर केलेल्या चाचण्यांत ते अगदी थोड्या प्रमाणातही प्रभावी ठरले.

• कर्क्युमिन : हळदीला पिवळा रंग देणारा घटक. पॉलिथिलीन वितळवताना त्याचाही चांगला उपयोग दिसला आहे.

• लिग्निन : लाकडातला फिनॉलयुक्त घटक. कागद उद्योगात तो उपउत्पादन म्हणून मोठ्या प्रमाणावर निघतो.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण रंगाची. कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिनमुळे माल पिवळा होतो, तर लिग्निनमुळे तपकिरी. व्हिटॅमिन ई वापरल्यावरही पिवळेपणा येऊ शकतो. पारदर्शक किंवा पांढऱ्या वस्तूला हे चालत नाही. दुसरी अडचण, क्वेर्सेटिनसारखे रेणू पॉलिथिलीनमध्ये नीट विरघळत नाहीत. तिसरी, वनस्पतीच्या अर्कातले घटक जात, हंगाम आणि काढण्याची पद्धत यांनुसार बदलतात. कारखान्याला मात्र प्रत्येक खेपेला तोच दर्जा लागतो.

परिणाम कसा मोजतात?

एकच माल एक्स्ट्रूडरमधून अनेकदा काढतात आणि दर वेळी तो किती सहज वाहतो ते मोजतात. वाहण्याचा वेग फारसा बदलला नाही, तर साखळ्या सुरक्षित आहेत. दुसऱ्या चाचणीत नमुना ऑक्सिजनमध्ये, बहुधा २०० अंशांना ठेवतात आणि ऑक्सिडीकरण सुरू व्हायला किती मिनिटे लागतात ते पाहतात.

गैरसमज टाळा

‘हळदीचे प्लास्टिक’ म्हणजे मातीत विरघळणारे प्लास्टिक नव्हे. अँटिऑक्सिडंटचे काम प्लास्टिक टिकवण्याचे आहे, कुजवण्याचे नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप सुरक्षित असेही नाही. प्लास्टिकमध्ये तापल्यावर नैसर्गिक घटकाचेही विघटन होते आणि त्यातून काय तयार होते ते तपासावेच लागते. शिवाय प्लास्टिकसाठी वापरले जाणारे व्हिटॅमिन ई अनेकदा कारखान्यातच तयार केलेले असते.

खरा उपयोग पुनर्वापरात होऊ शकतो. प्रत्येक वेळी वितळवताना जुना अँटिऑक्सिडंट खर्च होतो, म्हणून भंगारातून आलेल्या दाण्यात नवा घालावा लागतो. असा दाणा बहुधा रंगीत वस्तूंसाठी जातो, त्यामुळे तिथे पिवळेपणाची अडचणही कमी असते.