माती नको, पण पाणी कुणाचं?

मातीविना शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी १९३७ साली रूढ केलं. ग्रीक भाषेतले ‘पाणी’ आणि ‘श्रम’ हे दोन शब्द जोडून ते बनलंय. पाण्यात विरघळलेली खतं थेट मुळांना द्यायची, एवढंच त्यामागचं तत्त्व.

आता भंडाऱ्यात या. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मुख्यतः कोहळी समाजाने भातासाठी बांधले. त्याच पाण्यात ढिवर समाज शिंगाडा लावत आला. आता तुम्ही म्हणाल, त्याचं खोड तर गाळात रुततं! खरंय, म्हणून याला पूर्ण हायड्रोपोनिक्स म्हणता येत नाही. पण त्याची पिसांसारखी मुळं पाण्यात लोंबतात आणि पाण्यातूनही अन्न शोषतात. स्वतःची शेतजमीन नसली तरी घेता येणारं हे पीक.

मग अडतं कुठं? १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. आता तलाव हवा तर ठेका घ्यावा लागतो. माझ्या अभ्यासात हाच धागा मला महत्त्वाचा वाटतो. खोलीतल्या शेतीचं कौतुक वाचाल तेव्हा तुम्हीही विचारून बघा: श्रम करणाऱ्याचा पाण्यावर हक्क किती?