सिडनीहून हॉलिवूडकडे : इव्हॉन स्ट्राहोव्स्की

हॉलिवूडच्या दूरचित्रवाणी उद्योगात ऑस्ट्रेलियन कलावंतांची संख्या लक्षणीय आहे. इंग्रजी ही समान भाषा असली, तरी तेथे काम मिळवायचे तर आपले उच्चार बाजूला ठेवून अमेरिकन उच्चार अंगी बाणवावे लागतात. इव्हॉन स्ट्राहोव्स्की या अभिनेत्रीला उच्चारांबरोबरच आडनावाची अक्षरेही बदलावी लागली.

तिचा जन्म १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात, पोलंडहून स्थलांतरित झालेल्या दांपत्याच्या पोटी झाला. मूळ आडनाव स्त्शेहोव्स्की. घरात पोलिश भाषा बोलली जात असल्याने ती लहानपणापासून द्विभाषिक होती. सिडनीत शालेय शिक्षण झाल्यावर वेस्टर्न सिडनी विद्यापीठाच्या 'थिएटर नेपिअन' या नाट्यविभागातून तिने २००३ मध्ये पदवी घेतली.

ऑस्ट्रेलियातील अनेक नटनट्यांची खरी कार्यशाळा म्हणजे तेथील दैनंदिन मालिका. भराभर चित्रीकरण, रोज नवे संवाद आणि कॅमेऱ्याची सवय ही त्या मालिकांची देणगी. इव्हॉननेही २००५-०६ मध्ये 'हेडलँड' या मालिकेत काम केले आणि नंतर नौदलावरील 'सी पॅट्रोल'मध्ये ती झळकली. मात्र तुलनेने कमी लोकसंख्येच्या देशात निर्मितीचे प्रमाण मर्यादित असल्याने महत्त्वाकांक्षी कलावंताची नजर लॉस एंजलिसकडे वळतेच.

अमेरिकेत त्या काळी वर्षारंभीचे काही महिने 'पायलट सीझन' म्हणून ओळखले जात. वाहिन्या नव्या मालिकांचे नमुना भाग बनवत. त्यांतले निवडक पुढे मालिकेचे रूप घेत आणि बाकीचे प्रेक्षकांपर्यंत पोहोचतही नसत. या दिवसांत परदेशी कलावंत ऑडिशनसाठी तेथे दाखल होत. त्यातही केवळ गुणवत्ता पुरेशी नव्हती. कामाचा परवाना, एजंट आणि निर्दोष अमेरिकन उच्चार या तिन्ही गोष्टी हाती असाव्या लागत.

२००७ मध्ये 'एनबीसी' वाहिनीच्या 'चक' मालिकेत सीआयए हेर सारा वॉकर या प्रमुख भूमिकेसाठी तिची निवड झाली. आडनाव उच्चारायला सोपे व्हावे, या निर्मात्यांच्या आग्रहास्तव त्याचे लेखन 'स्ट्राहोव्स्की' असे झाले. सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झालेली ही मालिका सुखासुखी चालली नाही. लेखकांच्या संपामुळे तिचे पहिले पर्व १३ भागांतच आटोपले. २००९ मध्ये ती बंद पडण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी अभिनव शक्कल लढवली. मालिकेची प्रायोजक असलेल्या 'सबवे' या सँडविच विक्रेत्याच्या दुकानांत गर्दी करून त्यांनी आपला पाठिंबा दाखवून दिला. मालिका तरली आणि पाच पर्वे, ९१ भाग पूर्ण करून जानेवारी २०१२ मध्ये संपली. गंमत म्हणजे आडनावातून गाळलेली पोलिश अस्मिता पडद्यावर मात्र अवतरली. एका भागात सारा चक्क पोलिश बोलताना दिसते.

यशस्वी मालिकेनंतर त्याच साच्यात अडकण्याचा धोका असतो. तो तिने टाळला. २०१२ मध्ये 'डेक्स्टर'मध्ये विषप्रयोग करणारी हॅना मॅके तिने रंगवली. त्याच वर्षी ब्रॉडवेवर क्लिफर्ड ओडेट्स यांच्या 'गोल्डन बॉय' नाटकात भूमिका करून तिने थिएटर वर्ल्ड पुरस्कारही पटकावला.

तिच्या क्षमतेचा खरा कस लागला तो 'द हँडमेड्स टेल'मध्ये. मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ च्या कादंबरीवरील ही मालिका 'हुलू'वर २०१७ ते २०२५ या काळात सहा पर्वे चालली. स्त्रियांना गुलाम करणारी राजवट उभारण्यास हातभार लावून स्वतःच तिच्या जाचात सापडलेली सेरेना जॉय तिने साकारली. कादंबरीतील सेरेना वयस्कर आहे. मालिकेत ती तरुण केल्याने दोन नायिकांमधील संघर्ष अधिक धारदार झाला. तिरस्कार आणि अनुकंपा या दोन्ही भावना एकाच वेळी जागवणाऱ्या या भूमिकेसाठी २०१८ आणि २०२१ मध्ये तिला एमी पुरस्काराची नामांकने मिळाली.

हॉलिवूडमध्ये स्थिरावल्यावर तिने मायदेशाशी नाते तोडले नाही. २०२० मध्ये 'स्टेटलेस' या सहा भागांच्या ऑस्ट्रेलियन मालिकेत तिने प्रमुख भूमिका केली. अभिनेत्री केट ब्लँचेट या मालिकेच्या सहनिर्मात्यांपैकी एक होती. कायदेशीर रहिवासी असूनही २००४-०५ मध्ये सुमारे दहा महिने डांबून ठेवल्या गेलेल्या कॉर्नेलिया राऊ या महिलेच्या प्रकरणाचा आधार या कथेला आहे. निर्वासितांच्या छावणीत ओळख हरवून बसलेली ही नायिका रंगवण्याचे काम स्थलांतरितांच्या मुलीकडे आले. करिअरसाठी जिने आपले आडनाव बदलले, तिने नाव आणि नागरिकत्व यांची किंमत सांगणारी कथा मायदेशी परतून मांडली.