दगडाचं आडनाव

चितेगावला माझा मावसभाऊ राहतो. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालं की बिडकीनच्या अलीकडे लागणारं हे गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे एके काळी त्याचं नाव महाराष्ट्रभर झालं होतं. घराचा पाया खोदताना भावाला तिथे एक काळा दगड सापडला. आकारानं नारळाएवढा, पण उचलायला जावं तर मनगट वाकेल इतका जड, आणि लोहचुंबक टेकवलं की चट्कन चिकटायचं. गावात बातमी फिरली. चार दिवसांनी एक अनोळखी गृहस्थ येऊन सांगून गेले की हा आभाळातून पडलेला दगड आहे, परदेशात असला माल ग्रॅमवर विकला जातो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त तपासणीची फी आधी भरावी लागेल. भावाचा फोन आला, ‘दादा, भरू का?’

भरू नकोस म्हटलं आणि पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं. दगडावर बारीक बारीक भोकं होती, फुगलेल्या ब्रेडसारखी. आभाळातून येणाऱ्या दगडाला अशी भोकं जवळजवळ कधीच नसतात. त्याच्यावर पातळ काळी साल असते, वितळून चटकन थिजलेली, आणि कधी कधी ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असतात. भावाचा दगड म्हणजे भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग होता, कुठल्या तरी कारखान्यातून भरावासाठी आलेला. जगभरातल्या संग्रहालयांकडे ‘उल्का सापडली’ म्हणून लोक जे आणतात त्यात या स्लॅगचा वाटा फार मोठा आहे.

त्या गृहस्थांचा धंदा आपल्याकडे नवा नाही. ‘राइस पुलर’ हे नाव पोलिसांच्या कागदात वर्षानुवर्षं येतं आहे. वीज पडलेलं तांब्याचं भांडं म्हणे तांदळाचे दाणे ओढून घेतं, आणि परदेशी संस्था त्याला कोट्यवधी देतात. गिऱ्हाइकाला भांडं कधीच मिळत नाही, फक्त ‘टेस्टिंग’चा खर्च वाढत जातो.

भाऊ हिरमुसला, पण त्यानं एक प्रश्न विचारला, ‘खरा असता तर त्याला नाव काय दिलं असतं?’ मी म्हटलं, ‘चितेगाव.’ त्याला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती.

आपल्याकडे माणूस गाव सोडून गेला तरी गाव त्याच्या मागे ‘कर’ लावून चालतं, पैठणकर, काटोलकर, जामखेडकर. आभाळातून पडलेल्या दगडाचंही तसंच आहे. तो कुठल्या लघुग्रहाचा, कुठल्या ग्रहाचा, ते पुढे ठरतं. पहिलं ठरतं ते तो पडला त्या गावाचं नाव. इंग्रजी अमदानीत तर जवळचं टपाल कचेरीचं गाव पाहून नाव द्यायचा रिवाज होता, कारण तेवढंच गाव नकाशावर हमखास सापडे. या रिवाजानं महाराष्ट्रातली कितीतरी गावं जगाच्या यादीत जाऊन बसली आहेत: खानदेशातलं मानेगाव (1843), नगर जिल्ह्यातलं जामखेड (1866, यादीतलं इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर ‘जामखेर’), साताऱ्याकडचं कळंबी (1879), निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यातलं नावकी (1928), अकोल्याकडचं अंदुरा (1939) आणि संत्र्यांचं काटोल (22 मे 2012). जामखेडचा जतन झालेला तुकडा सुपारीएवढाच असेल, पण नाव टिकलं.

दगडाला गाव चिकटवण्याची ही खोड कुठून आली हे पाहायचं तर फार मागे जावं लागतं. आज मराठीत शास्त्रीय लेखनात आकाशात दिसते ती उल्का आणि जमिनीवर पोचतो तो अशनी, अशी वाटणी केलेली आहे. मुळात अशनि म्हणजे इंद्राचं वज्र, वीज. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत आकाशातून पडणाऱ्या तेजाचे पाच प्रकार सांगितले, धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. त्यातली अशनि मोठ्या आवाजानं माणसांवर, हत्तीघोड्यांवर, घरांवर, झाडांवर कोसळते, चक्रासारखी फिरत येते आणि जमीन फाडते. वर्णन इतकं नेमकं आहे की काटोलला दगड पडला त्या दुपारचे आवाज ऐकलेल्यांना ते पटेल. पण वराहमिहिराला रस होता तो फळात. कोणत्या दिशेला पडली तर कोणाचं वाईट होणार, हे तो सांगतो. कुठे पडली याचं टिपण ठेवावं असं त्याला वाटलं नाही.

ते टिपण ठेवलं एका महसूल अधिकाऱ्यानं. एप्रिल 1621 मध्ये जालंधर परगण्यातल्या एका गावात पहाटे प्रचंड आवाज होऊन उजेड पडला. तिथला आमील महंमद सैद घोड्यावर बसून गेला. दहाबारा गज जमीन इतकी जळाली होती की गवताची काडी उरली नव्हती. त्यानं खोदायला लावलं. जितकं खोल जावं तितकी ऊब वाढत गेली, आणि शेवटी तापलेल्या लोखंडाचा गोळा निघाला. तो पिशवीत मोहरबंद करून बादशहाकडे गेला. जहांगिरानं आपल्या आठवणींत वजनसुद्धा लिहून ठेवलं आहे, 160 तोळे. उस्ताद दाऊद या लोहाराला हत्यारं घडवायला सांगितलं तर ते लोखंड हातोड्याखाली तडकू लागलं. मग तीन भाग आभाळाचं आणि एक भाग जमिनीचं लोखंड मिसळून तलवारी, खंजीर आणि सुरी झाली. ही सुरी आज वॉशिंग्टनला फ्रीअर कलादालनात आहे.

माझ्या मते या विद्येतला पहिला धड पंचनामा हा. गाव, वेळ, खड्डा, वजन, साक्षीदार, सगळं त्यात आहे. युरोप तेव्हा आणि पुढेही पावणेदोनशे वर्षं आकाशातून दगड पडतात हेच मान्य करत नव्हता. 19 डिसेंबर 1798 च्या रात्री बनारसजवळ क्राखुत इथे दगडांचा पाऊस पडला. ते दगड लंडनला पोचले, एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानं इंग्लंड, इटली, बोहेमियातल्या दगडांबरोबर ते तपासले आणि 1802 मध्ये जाहीर केलं की या सगळ्यांत निकेल आहे, हे पृथ्वीवरच्या सामान्य दगडांसारखे नाहीत. वेगवेगळ्या देशांतले दगड एकाच घराण्यातले आहेत हे कळायला ‘हा बनारसचा, तो यॉर्कशरचा’ एवढं माहीत असणं पुरेसं झालं. तिथून गावाचं नाव ही दगडाची जन्मपत्रिका झाली. इंग्रजांनी आपल्याकडचे दगड उचलून नेले हे खरं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमात भारतीय अशनींचा मोठा साठा आहे. पण नेताना त्यांनी गावाचं नाव सोबत नेलं, स्पेलिंग बिघडवून का होईना.

1865 मध्ये बिहारातल्या शेरघाटीला एक दगड पडला. त्याची जात जगावेगळी निघाली, म्हणून त्या जातीलाच ‘शेरगोटाइट’ म्हणू लागले. पुढे अशा एका दगडात अडकलेली हवा आणि 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मोजलेली मंगळावरची हवा जुळली. म्हणजे शेरघाटीकर मंगळावरून आला होता.

आता वाळवंटाकडे वळू. महाराष्ट्राचे वर सांगितलेले सगळे दगड पडताना लोकांनी पाहिले किंवा ऐकले म्हणून मिळाले. न पाहिलेला दगड आपल्याकडे सापडणं अवघड. जमीन काळी, दगड काळा, त्यावर पाऊस आणि नांगर. शिवाय आपला बेसॉल्ट स्वतःच लोहचुंबकाला थोडाफार ओढतो, म्हणजे तीही खूण गेली. वाळवंटात उलटं. फिकट रेतीवर काळा ठिपका लांबून दिसतो, आणि पाऊस नसल्यामुळे लोखंडाला गंज चढायला हजारो वर्षं लागतात. 1990 च्या आसपास हे लक्षात आलं आणि सहारात शोधणाऱ्यांची रीघ लागली. उंटावरचे, मग गाड्यांतले भटके लोक काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून फिरू लागले. मोरोक्कोतलं एर्फूद हे गाव मंडी बनलं. अल्जीरिया, मॉरिटानिया, मालीतून माल सीमा ओलांडून तिथे यायचा. बऱ्याच ठिकाणी बाहेर नेणं बेकायदा, म्हणून विकणारा जागा सांगत नसे आणि घेणारा विचारत नसे. तिथून माल अमेरिकेत टूसॉनच्या वार्षिक बाजारात.

गाव नाही म्हणजे नाव नाही. नावं ठरवणाऱ्या समितीनं मग तोडगा काढला: ज्यांची जागा माहीत नाही त्यांना ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक. असे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले आहेत. इतकं मोठं बेवारस खातं दुसऱ्या कुठल्या शास्त्रात असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक दगड खरा, पण तो कोणत्या रेतीत, किती खोल, शेजारी आणखी कोणते तुकडे होते, हे सगळं पुसलेलं. एकाच पडझडीचे तुकडे वीस वेगळ्या क्रमांकांनी नोंदले गेले तरी कोणाला कळत नाही.

याच्या उलट ओमानमध्ये बर्न विद्यापीठाच्या लोकांनी ओमान सरकारबरोबर रीतसर शोध घेतला, प्रत्येक दगडाची जागा जीपीएसनं नोंदली. 2002 मध्ये मिळालेला 206 ग्रॅमचा एक दगड, साय अल उहैमिर 169, चंद्रावरच्या लालांद विवराच्या आसपासचा असावा इथपर्यंत ते पोचले. त्याच ओमानमध्ये 2011 मध्ये दोन अमेरिकन शोधक रस्त्यावर पकडले गेले, अवैध खाणकामाच्या आरोपाखाली तुरुंगात राहिले आणि पुढे अपिलात सुटले.

16 जुलै 2025 रोजी न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एक दगड 53 लाख डॉलरला, म्हणजे जवळपास 45 कोटी रुपयांना गेला. वजन 24.67 किलो. पृथ्वीवर मिळालेला मंगळाचा हा सगळ्यात मोठा तुकडा. 2023 च्या नोव्हेंबरात तो नायजर देशातल्या अगादेझ भागात सापडला होता. लिलाव झाल्यावर नायजर सरकार जागं झालं, दगड बाहेर गेला कसा याची चौकशी लावली आणि अशा दगडांची निर्यात थांबवली. लिलावगृहाचं म्हणणं, कागद सगळे नीट होते. मला त्या भांडणापेक्षा त्याच्या नावानं अस्वस्थ केलं. नॉर्थवेस्ट आफ्रिका 16788. देश माहीत, जिल्हा माहीत, तरी नाव बेवारस खात्यातलं. आणि जात? शेरगोटाइट. ज्याच्या स्वतःच्या गावाचं नाव लागलं नाही, त्याला कूळ मात्र बिहारच्या एका गावाचं लागलं.

सोमालियातल्या एल अलीचं दुखणं वेगळं. तिथे पंधरा टनांचा लोखंडी दगड पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. लोक त्याला ‘शीद बिरूद’, म्हणजे लोखंडाचा दगड म्हणत, त्याच्यावर सुऱ्या पाजवत. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये त्याच्या छोट्या तुकड्यात पृथ्वीवर आधी न दिसलेली खनिजं शोधली आणि एकाला ‘एलालाइट’ नाव दिलं. दगड तोवर चीनला पोचला होता. गावाकडे नाव उरलं, दगड नाही.

आपल्याकडे पडलेला दगड सरकारजमा व्हावा हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि त्याचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. काटोलचे तुकडे लोकांकडून असेच गोळा झाले. पुढे आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना त्यात ब्रिजमनाइट सापडलं, म्हणजे पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरच्या खाली भरून असलेलं आणि वर कधी न येणारं खनिज. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी काटोल होतं. तुकडे लपूनछपून बाहेर गेले असते तर असल्या शोधाला काटोलचं नाव लागलं असतं की नाही, शंकाच आहे.

म्हणून एवढं सांगून ठेवतो. आभाळातून काही पडलं तर त्याला आधी हात लावू नका. (2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलं ते धातूचं कडं होतं, चिनी रॉकेटचं.) दगड असेल तर पाण्यानं धुऊ नका, शेंदूर फासू नका, आणि लोहचुंबक तर मुळीच लावू नका, त्यानं दगडातली मूळ चुंबकी खूण पुसली जाते. स्वच्छ कागदात किंवा स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. तहसीलदाराला कळवा, नाहीतर नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला. फी मागणारा कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि जागा लिहून ठेवा, तारीख, वेळ आणि गट नंबरासकट. चितेगाव हे नाव त्या यादीत अजून नाही.