जुन्या कॅमेरा भिंगांची टंचाई आणि भाववाढ

वापरलेल्या कॅमेरा भिंगांच्या (लेन्सच्या) जागतिक बाजारात साधारणपणे २०१० नंतर काही जुन्या भिंगांचा पुरवठा घटत गेला व त्यांच्या किमती चढत गेल्या. ही घडामोड प्रामुख्याने १९५० ते १९८० या दशकांत फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या, हाताने फोकस करावयाच्या भिंगांशी संबंधित आहे. छायाचित्रणाची साधने जुनी झाली की त्यांचा भाव उतरतो, हा या व्यवसायातील सर्वसाधारण अनुभव होय. या भिंगांच्या बाबतीत मात्र उलट घडले. पूर्वी भंगाराच्या भावाने जाणारी भिंगे मिररलेस कॅमेरे आल्यावर पुन्हा वापरात आली, पुढे चित्रपट व्यवसायाने ती मोठ्या प्रमाणावर उचलली आणि त्याच काळात चांगल्या स्थितीतील नगांची संख्या कमी होत गेली. सर्वच वापरलेली भिंगे महागली, असा मात्र याचा अर्थ नाही.

बैठकीचे अंतर आणि अनाथ भिंगे

भिंग ज्या कड्यात बसते त्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे किंवा संवेदकापर्यंतचे अंतर प्रत्येक कॅमेरा प्रणालीत ठरलेले असते. निकॉनच्या एफ बैठकीत ते ४६.५ मिमी, एम४२ या स्क्रूच्या बैठकीत ४५.४६ मिमी, कॅननच्या ईएफ बैठकीत ४४ मिमी, तर त्याच कंपनीच्या जुन्या एफडी बैठकीत ४२ मिमी आहे. एका प्रणालीचे भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावायचे असेल, तर मधल्या जोडकड्याला (अडॅप्टरला) जागा हवी. म्हणजेच कॅमेऱ्याचे अंतर भिंगाच्या मूळ अंतरापेक्षा कमी असावे लागते. ते जास्त असेल, तर भिंग केवळ जवळच्या वस्तूंवर फोकस होते आणि दूरचे दृश्य कधीच स्पष्ट येत नाही.

या काही मिलिमीटरांच्या फरकाने बाजारभाव कसे ठरवले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅननची एफडी भिंगे. ही मालिका १९७१ मध्ये आली. १९८७ मध्ये कॅननने स्वयंचलित फोकससाठी ईएफ ही नवी बैठक आणली आणि एफडीशी तिचा काहीच मेळ ठेवला नाही. नव्या कॅमेऱ्याचे अंतर २ मिमीने जास्त असल्यामुळे, मध्ये सुधारक काच घातल्याशिवाय एफडी भिंगे त्यावर दूरच्या दृश्यासाठी वापरता येत नव्हती, आणि अशी काच चित्राचा दर्जा बहुधा बिघडवीत असे. निकॉनची भिंगे कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर साध्या कड्याने बसत, पण कॅननचीच जुनी भिंगे बसत नसत, अशी ही विचित्र स्थिती होती. परिणामी लाखो एफडी भिंगे अनाथ झाली. काचेचा दर्जा उत्तम असूनही त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. मिनोल्टाने १९८५ मध्ये बैठक बदलल्यावर तिच्या जुन्या भिंगांचेही असेच झाले.

मिररलेस कॅमेऱ्यांचा परिणाम

२००८ मध्ये पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीचा पहिला मिररलेस कॅमेरा बाजारात आणला. २०१० मध्ये सोनीची एनईएक्स मालिका आली आणि २०१३ मध्ये ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेला सोनी ए७ आला. कॅननची आरएफ आणि निकॉनची झेड या प्रणाली २०१८ मध्ये आल्या. या कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने बैठकीचे अंतर फार कमी ठेवता आले. सोनीच्या ई बैठकीत ते १८ मिमी, तर निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. एफडी भिंग सोनीवर लावण्यासाठी २४ मिमी जाडीचे पोकळ धातूचे कडे पुरते. त्यात काचेची गरज पडत नाही. जवळजवळ प्रत्येक जुन्या एसएलआर भिंगाला असे स्वस्त कडे मिळू लागले. शिवाय स्पष्ट झालेल्या कडा पडद्यावर रंगीत रेषांनी दाखवण्याची सोय झाल्याने हाताने फोकस करणे सोपे झाले.

भिंगे तीच राहिली, पण ती लावता येतील असे कॅमेरे वाढले. उत्पादन दशकांपूर्वी थांबलेले असल्याने वाढत्या मागणीला नवा पुरवठा मिळणार नव्हता. ५० मिमीची साधी भिंगे एकेकाळी प्रत्येक कॅमेऱ्यासोबत विकली गेली होती. ती अजूनही परवडतात. ५५ मिमी एफ/१.२ ॲस्फेरिकल किंवा २४ मिमी एफ/१.४ यांसारखी एफडी भिंगे मुळातच महाग होती आणि थोड्या संख्येने बनली होती. त्यांच्या किमती सर्वप्रथम चढल्या.

मुबलक तरीही महाग: हेलिऑस आणि ट्रायोप्लान

टंचाई आणि उत्पादनसंख्या यांचा संबंध सरळ नाही, हे हेलिऑस-४४ या सोव्हिएत भिंगावरून दिसते. ५८ मिमी एफ/२ चे हे भिंग झाइसच्या १९३० च्या दशकातील बायोटार या रचनेवर आधारलेले असून झेनिट कॅमेऱ्यांसोबत त्याचे लाखो नग विकले गेले. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर त्याची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. भिंगरचनेच्या शास्त्रानुसार हा दोष आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांत तोच गुण ठरला. छायाचित्रणदिग्दर्शक ग्रेग फ्रेझर यांनी ‘द बॅटमॅन’ (२०२२) आणि ‘ड्यून: पार्ट टू’ (२०२४) या चित्रपटांत जुनी सोव्हिएत भिंगे वापरल्यावर या नावाभोवतीचे कुतूहल आणखी वाढले. अशा भिंगांचे अनेक विक्रेते युक्रेन व रशियात होते. २०२२ मधील युद्धानंतर रशियाशी पैशांची देवघेव व टपाल अवघड झाले आणि युक्रेनमधील पाठवणीही अनिश्चित झाली. जगात नग भरपूर असूनही ते ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट अरुंद झाली.

जर्मनीतील मायर-ऑप्टिक गोर्लित्स कंपनीचे १०० मिमी एफ/२.८ ट्रायोप्लान हे याहून टोकाचे उदाहरण आहे. केवळ तीन काचांचे हे भिंग पार्श्वभूमीतील प्रकाशबिंदूंचे कडा उजळलेले गोल बनवते. छायाचित्रकार त्यांना साबणाचे बुडबुडे म्हणतात. दीर्घकाळ दुर्लक्षित असलेल्या या भिंगाच्या किमती प्रसिद्धीनंतर कित्येक पटींनी वाढल्या. ही मागणी पाहून मायर-ऑप्टिकचे नाव वापरणाऱ्या कंपनीने लोकवर्गणीतून पैसा उभारून नवे ट्रायोप्लान काढले. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्या योजनांत आगाऊ पैसे भरलेल्या अनेकांना भिंगे मिळाली नाहीत. नंतर दुसऱ्या जर्मन कंपनीने हे नाव विकत घेऊन उत्पादन सुरू केले. टीटीआर्टिझनसारख्या चिनी उत्पादकांनीही तशीच प्रतिमा देणारी भिंगे कमी किमतीत आणली. अशा नव्या प्रतींमुळे नवशिक्यांची सोय झाली. मूळ भिंग शोधणारा ग्राहक मात्र बहुधा वेगळाच असतो.

चित्रपट व्यवसायाची मागणी

चित्रपटासाठी विरळ भिंग शोधण्याची कथा जुनी आहे. स्टॅनली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मधील मेणबत्तीच्या उजेडातील दृश्यांसाठी झाइसची ५० मिमी एफ/०.७ भिंगे वापरली. अशी फक्त १० भिंगे बनली होती. त्यांपैकी ६ नासाकडे गेली, १ झाइसने ठेवले आणि ३ कुब्रिक यांनी घेतली. आजच्या मागणीचे कारण निराळे आहे. डिजिटल संवेदकांचे चित्र अतिशय रेखीव असते. चेहऱ्याची त्वचा मवाळ दिसावी व दिव्यांभोवती किंचित पसारा यावा म्हणून छायाचित्रणदिग्दर्शक मुद्दाम जुन्या काचा निवडतात. आधी कुकची स्पीड पॅनक्रो आणि कॅननची के-३५ अशी मूळ चित्रपटांचीच जुनी भिंगे खपली. ती पुरेनाशी झाल्यावर स्थिर छायाचित्रणाच्या भिंगांकडे मोर्चा वळला. कॅनन एफडी, २००९ मध्ये बंद झालेली लायकाची आर मालिका, निकॉनची जुनी भिंगे आणि सोव्हिएत भिंगे यांचा त्यात समावेश आहे.

ही भिंगे चित्रीकरणात जशीच्या तशी चालत नाहीत. फोकसचे कडे फार थोडे फिरते, दाते नसतात आणि प्रत्येक भिंगाचा आकार वेगळा असतो. म्हणून इंग्लंडमधील लेस्टर येथील टीएलएस किंवा युक्रेनमधील आयर्नग्लास यांसारख्या कंपन्या भिंगातील काचा काढून त्या नव्या धातूच्या नळीत बसवतात. यासाठी सहा ते आठ भिंगांचा, रंगाने जुळणारा संच लागतो. संचातील सर्वांत दुर्मीळ भिंग मिळाल्याशिवाय बाकीच्यांना भाडे येत नाही, त्यामुळे त्या एका भिंगासाठी खरेदीदार जास्त पैसे मोजतो. भाड्याने संच देणाऱ्या व्यावसायिकाला ही किंमत काही चित्रीकरणांत वसूल करता येते. छंद म्हणून छायाचित्रण करणाऱ्याला ते शक्य नसते. शिवाय हा बदल सहसा एकाच दिशेने होतो. नवी नळी मिळालेले भिंग पुन्हा साध्या कॅमेऱ्याच्या बाजारात येत नाही. उत्पादन थांबलेल्या साठ्यातून दरवर्षी काही भिंगे कायमची कमी होतात, ती या मार्गाने.

वापरण्याजोग्या नगांची घट

भिंग ही तुलनेने टिकाऊ वस्तू असली तरी तिला वार्धक्य येते. फोकसच्या पेचातील वंगण सुकते किंवा वाहून ॲपर्चरच्या पात्यांवर येते. काचा जोडणारा पारदर्शक चिकट थर सुटू लागतो आणि आत धुकट पापुद्रा धरतो. १९६० व १९७० च्या दशकांतील काही भिंगांत उच्च वक्रीभवनासाठी थोरियमयुक्त काच वापरली गेली. तिच्या किरणोत्सर्गामुळे काच काळानुसार पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवल्यास हा पिवळेपणा बराच कमी होतो. असाही टाकुमार ५० मिमी एफ/१.४ चे थोरियम नसलेले, आठ काचांचे सुरुवातीचे रूप नंतरच्या सात काचांच्या रूपापेक्षा महाग विकले जाण्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

सर्वांत घातक शत्रू बुरशी होय. दमट हवेत ती काचेवर जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले लेपावर कायमचे ओरखडे उमटवतात. वरवरची बुरशी पुसता येते; लेप खाल्ला गेल्यास उपाय नाही. अशी भिंगे मोजताना नग म्हणून धरली जातात, पण खरेदीदाराच्या दृष्टीने ती बाजारात नसतातच. दुरुस्ती करणारे कारागीर हीसुद्धा आटत चाललेली गोष्ट आहे. मूळ कंपन्यांकडे या भिंगांचे सुटे भाग नाहीत. त्यामुळे एक भिंग दुरुस्त करण्यासाठी बहुधा दुसरे मोडावे लागते, आणि हे काम जाणणारी पिढी निवृत्त होत आहे. नीट साफ करून, वंगण बदलून दिलेले भिंग तशाच न तपासलेल्या भिंगापेक्षा बरेच महाग असते. भाववाढीचा काही भाग काचेचा नसून या कारागिरीचा आहे.

भारत आणि महाराष्ट्र

१९९१ पूर्वी भारतात कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध व भारी सीमाशुल्क होते. त्यामुळे युरोप, अमेरिका किंवा जपानमध्ये जुन्या भिंगांचा जसा घरोघरी साठा सापडतो, तसा भारतात नाही. जे आहे ते परदेशी नातेवाइकांनी आणलेले, स्टुडिओवाल्यांनी सांभाळलेले किंवा झेनिटसारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांसोबत आलेले. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार ही छायाचित्रणाच्या साहित्याची जुनी पेठ असून तेथे नव्यासोबत वापरलेला मालही मिळतो. चोर बाजारातही जुने कॅमेरे विक्रीस येतात. परदेशातून भिंग मागवल्यास टपाल, सीमाशुल्क व कर मिळून मूळ किमतीत मोठी भर पडते, शिवाय आत बुरशी आहे की नाही हे हाती आल्यावरच कळते.

मुंबई, कोकण व गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता बुरशीला पोषक असते. बंद कपाटात चामड्याच्या पेटीत ठेवलेले भिंग सर्वांत लवकर खराब होते, कारण चामडे ओल धरून ठेवते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे कपाट हा त्यावरील नेहमीचा उपाय होय. वारसाने मिळालेली अनेक भिंगे हा उपाय कळण्यापूर्वीच निकामी झालेली असतात.

संग्राहकांचा बाजार

याहून वेगळा असा संग्राहकांचा बाजार आहे. कॅननच्या १२०० मिमी एफ/५.६ या ईएफ भिंगाचा एक नग २०२१ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथील लिलावात ५ लाख युरोंना गेला. अशी जेमतेम वीसच भिंगे बनली होती. अशा विक्रीच्या बातम्या गाजतात, पण सर्वसाधारण वापराच्या भिंगांचे भाव त्यांवरून ठरत नाहीत.

स्वस्त झालेली भिंगे

याच काळात वापरलेल्या भिंगांचा एक मोठा वर्ग स्वस्त होत गेला. कॅमेरा कंपन्यांनी मिररलेस प्रणालींवर भर दिल्यावर अनेक व्यावसायिकांनी डिजिटल एसएलआर व त्यांची स्वयंचलित फोकसची भिंगे विकायला काढली. कॅनन ईएफ आणि निकॉन एफ प्रणालींतील चांगली भिंगे त्यामुळे नव्याच्या अंशमात्र किमतीत मिळू लागली. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम भिंगांना तर फारसे मोलच उरले नाही. ही भिंगे फिरवून फोकस करण्याच्या दृष्टीने बनलेली नाहीत, त्यांची कडी सैल व प्लॅस्टिकची असतात आणि अनेकांचे ॲपर्चर कॅमेऱ्याच्या विद्युत आज्ञेशिवाय हलत नाही. साधे पोकळ कडे लावून एफडी भिंग जसे पुन्हा वापरात आले, तसे यांच्याबाबत होत नाही. त्यांना विद्युत जोडणी असलेला अडॅप्टर आणि त्यांची भाषा समजणारा कॅमेरा दोन्ही लागतात.