६४ किलोबाइटमधली घंटागाडी

तर झालं असं की, कुलकर्णींच्या शेपटीला देशपांडे चिकटले.

गेले काही महिने मी कमोडोर ६४ साठी बेसिकचा एक छोटासा कंपायलर लिहितोय. का? कोणी विचारलं तर "शिकण्यासाठी" असं सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. खरं मशीन मी हातात धरलेलंही नाही, सगळा खेळ लॅपटॉपवरच्या इम्युलेटरमध्ये. निळा पडदा, वर "३८९११ बेसिक बाइट्स फ्री" अशी ओळ आणि लुकलुकणारा चौकोन. आई मागून जाताना रोज विचारते, "अजून ते निळंच आहे का रे?"

कंपायलर बऱ्यापैकी चालायला लागला होता. आकडे, लूप, गोसब, सगळं ठीक. मग हौसेने पाचशे आडनावं अ‍ॅरेत भरून त्यांची सॉर्टिंग करायला घेतली. पहिल्यांदा व्यवस्थित. दुसऱ्यांदा व्यवस्थित. तिसऱ्यांदा यादीच्या मधोमध एक नाव असं आलं की अर्धा कुलकर्णी आणि पुढे देशपांडेंचा तुकडा. पुन्हा चालवलं तर वेगळ्याच दोन घराण्यांची सोयरीक!

आता हा बग समजायला या मशीनमध्ये स्ट्रिंग राहते कुठे ते आधी बघावं लागेल. थोडा धीर धरा, मजा आहे.

कमोडोरचं बेसिक म्हणजे मुळात मायक्रोसॉफ्टचं बेसिक. १९७५ च्या अल्टेअर बेसिकच्या ४ के आवृत्तीत तर स्ट्रिंगच नव्हत्या, त्या मिळाल्या ८ के आवृत्तीत. पुढे १९७६ मध्ये बिल गेट्स आणि रिक वेलंड यांनी तेच बेसिक ६५०२ या स्वस्त प्रोसेसरसाठी लिहिलं. (वेलंड हा गेट्स आणि पॉल अ‍ॅलनचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.) त्यात प्रत्येक स्ट्रिंगसाठी तीन बाइटचा एक डिस्क्रिप्टर असतो: एक बाइट लांबी आणि दोन बाइट पत्ता. लांबीला एकच बाइट, म्हणून स्ट्रिंग २५५ अक्षरांच्या पुढे जात नाही. खरी अक्षरं दुसरीकडेच असतात, मेमरीच्या वरच्या टोकापासून खाली खाली रचत आणलेली. व्हेरिएबल्स खालून वर वाढतात, स्ट्रिंग वरून खाली.

ए$ ला नवी किंमत दिली की जुनी पुसली जात नाही. नवी प्रत आणखी खाली तयार होते, डिस्क्रिप्टर तिकडे वळतो आणि जुनी अक्षरं तिथेच पडून राहतात. कचरा. असं करता करता वरून येणारा ढीग खालून येणाऱ्या व्हेरिएबल्सना भिडला, की मग घंटागाडी येते, म्हणजे गार्बेज कलेक्शन.

ही घंटागाडी कशी चालते तर, सगळे डिस्क्रिप्टर एकेक करून बघायचे, ज्याची स्ट्रिंग सगळ्यात वरच्या पत्त्यावर आहे तो शोधायचा, ती स्ट्रिंग वर ढकलून घट्ट बसवायची, डिस्क्रिप्टरमध्ये नवा पत्ता लिहायचा. झालं? नाही. आता उरलेल्यांत सगळ्यात वरची कोण, हे शोधायला पुन्हा पहिल्यापासून सगळे डिस्क्रिप्टर. एका स्ट्रिंगला एक पूर्ण फेरी. म्हणजे घंटागाडीवाल्याने एका घरातली बादली उचलायची, डेपोत जायचं आणि मग पुढच्या घरासाठी पुन्हा अख्ख्या सोसायटीची यादी वाचायची.

हजार स्ट्रिंग असतील तर हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख तपासण्या. प्रोसेसर सेकंदाला साधारण दहा लाख सायकल चालणारा. एका तपासणीला पन्नासेक सायकल धरल्या तरी जवळपास एक मिनिट मशीन गप्प. कीबोर्ड मेला, पडदा थिजला, बघणाऱ्याला वाटतं की हँग झालं. आणि स्ट्रिंग दुप्पट केल्या की वेळ चौपट!

आता माझ्या बगकडे येऊ. ए$ + बी$ असं काही आलं की माझा कंपायलर काय कोड काढत होता? डाव्या स्ट्रिंगची लांबी आणि पत्ता स्टॅकवर ठेव, उजवीची लांबी आणि पत्ता स्टॅकवर ठेव, दोघींच्या बेरजेएवढी जागा माग, मग दोन्ही तिकडे कॉपी कर. वाचताना काही खटकतंय का? मला चार शनिवार खटकलं नाही.

जागा मागितली आणि जागा नसेल, तर तिथेच घंटागाडी सुटते. ती सगळ्या स्ट्रिंग हलवते आणि डिस्क्रिप्टरमधले पत्ते इमानदारीत बदलते. पण स्टॅकवर मी लिहून ठेवलेल्या पत्त्यांबद्दल तिला कुठे काय माहीत? ते जुनेच राहतात. मग मी त्या जुन्या पत्त्यावर जाऊन अक्षरं उचलतो, आणि तिथे आता देशपांडे राहायला आलेले असतात.

सापडला कसा, हेही सांगण्यासारखं आहे. आपण सगळे जे करतो तेच मी आधी केलं, म्हणजे मधे मधे प्रिंट टाकले. प्रत्येक फेरीला काउंटर छापायला लागलो तर बग गायब! प्रिंट काढला की हजर. दोन शनिवार यातच गेले. नंतर लक्षात आलं की काउंटर छापण्यासाठी मी त्याची आधी स्ट्रिंग करत होतो, ती स्ट्रिंग त्याच ढिगात जात होती, त्यामुळे घंटागाडी यायची वेळच बदलत होती. म्हणजे चोर पकडायला जो कंदील लावला, त्याच्याच उजेडात चोर रस्ता बदलत होता.

शेवटी चिडून एक केलं. जागा असो वा नसो, प्रत्येक वेळी जागा मागितली की कलेक्शन चालवायचं. सॉर्टिंग गोगलगायीच्या वेगाने सुरू झालं, पण पहिल्याच जोडणीला कचरा अक्षरं आली. महिन्यातून दोनदा दिसणारा बग आता दर सेकंदाला दिसत होता. मग पाच मिनिटांत सापडला.

आता मुद्दा हा की गेट्स-वेलंडनी हे कसं सोडवलं होतं? याचं उत्तर आता चक्क वाचता येतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ६५०२ बेसिकचा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली खुला केला. ६,९५५ ओळी असेम्ब्ली. एका रविवारी चहाचे चार कप लावून त्यातला स्ट्रिंगचा भाग वाचला. ते डाव्या स्ट्रिंगचा पत्ता ठेवतच नाहीत, तिच्या डिस्क्रिप्टरचा पत्ता ठेवतात. जागा मिळाल्यानंतर, म्हणजे घंटागाडी येऊन गेली असली तरी, डिस्क्रिप्टरमधून ताजा पत्ता वाचतात आणि मग कॉपी करतात.

आणि जोडणीतून मधेच तयार झालेल्या, कोणत्याच व्हेरिएबलच्या नसलेल्या स्ट्रिंगचं काय? त्यांच्यासाठी झीरो पेजमध्ये तीन डिस्क्रिप्टरची एक छोटी फळी आहे. तीन गुणिले तीन, नऊ बाइट. कलेक्टर ही फळी बघतो, साधी व्हेरिएबल्स बघतो आणि अ‍ॅरे बघतो. कंसात कंस घालून चौथी तात्पुरती स्ट्रिंग मागितलीत की मशीन "फॉर्म्युला टू कॉम्प्लेक्स" म्हणून हात वर करतं. ही एरर मी पूर्वी पाहिली होती आणि मला वाटायचं की गणित फार अवघड झालं म्हणून येते. प्रत्यक्षात फळीवर जागा संपलेली असते!

पण मला खरा दिलासा मिळाला तो वेगळ्याच गोष्टीने. जी आवृत्ती खुली केली आहे, ती १.१, तिच्यात गार्बेज कलेक्टरच्याच दुरुस्त्या आहेत. कमोडोरच्या लोकांना पेट या मशीनवर काम करताना कलेक्टरमधल्या चुका सापडल्या. मग १९७८ मध्ये त्यांचा इंजिनिअर जॉन फीगन्स मायक्रोसॉफ्टच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात गेला आणि त्याने व बिल गेट्सने मिळून त्या दुरुस्त केल्या. तेच पुढे पेटचं बेसिक व्ही२ म्हणून गेलं. डोळ्यांसमोर आणा: बाविशीतला गेट्स आणि कस्टमरकडून आलेला एक इंजिनिअर, स्ट्रिंग कुठे हरवतात ते शोधताहेत. आपल्याकडे याला ऑनसाइट सपोर्ट म्हणतात. :)

चुका दुरुस्त झाल्या, पण फेऱ्यांची पद्धत तीच राहिली. यावर गेट्सला नावं ठेवणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. १९७७ चा पहिला पेट ४ किंवा ८ किलोबाइटचा होता. त्यात स्ट्रिंग मावणार किती? शंभर धरा. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार तपासण्या, अर्धा सेकंद. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि त्या बदल्यात प्रत्येक स्ट्रिंगमागे एकही जास्तीचा बाइट खर्च होत नाही, हा तेव्हा फार मोठा फायदा. तेव्हाच्या मशीनसाठी निर्णय अगदी बरोबर होता. नंतर मेमरी आठपट झाली आणि निर्णय तोच राहिला.

इथे मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीचं पहिलं वर्ष. आमची एक जावा सर्व्हिस दिवसातून दोन-तीनदा वीसेक सेकंद गप्प बसायची. मी मोठ्या आत्मविश्वासाने तिकिटात लिहिलं, "मेमरी वाढवा." वाढवली. मग ती गप्प बसायची कमी वेळा, पण बसली की मिनिटभर. रात्री कस्टमरचा फोन, सकाळी मीटिंग. माझ्या सिनियरने ती सूचना स्वतःची होती असं सांगितलं आणि बोलणी खाल्ली. मी शेजारीच गप्प बसून होतो. मोठा हीप म्हणजे साफ करायला मोठं घर, एवढं साधं होतं ते, पण तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. त्याला हा लेख पाठवणार आहे.

बरं, उपाय सापडला नव्हता असंही नाही. १९८० साली पेटच्याच बेसिक ४.० मध्ये कमोडोरने तो केला. ढिगातल्या प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी दोन बाइट जोडायचे: "माझा डिस्क्रिप्टर अमुक ठिकाणी आहे." मग कलेक्टरने वरून खाली एकदाच चालत यायचं. प्रत्येक स्ट्रिंग स्वतःच मालकाचा पत्ता सांगते, कचरा असेल तर तशी खूण असते. एका फेरीत काम खलास. मिनिटाच्या जागी सेकंद.

आणि दोन वर्षांनी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये काय बसवलं? बेसिक व्ही२. जुनंच. ते आठ किलोबाइटच्या रॉममध्ये जवळजवळ मावत होतं, ४.० ला जास्त रॉम लागायची, आणि किंमत कमी ठेवायची होती. त्यामुळे कोट्यवधी रुपयांची मशीन्स दुरुस्तीच्या आधीच्या घंटागाडीसह घरोघर गेली. जाणकार प्रोग्रामर मग स्वतःच मधे मधे एफआरई(०) बोलवायचे. हे फंक्शन मोकळी मेमरी सांगतं, पण त्याआधी कलेक्शन करतं. माणूस पडद्यावरची सूचना वाचतोय तोवर सफाई उरकून घ्यायची. (मोकळी मेमरी ३२ के च्या वर असेल तर हेच फंक्शन ऋण आकडा सांगतं, तो वेगळाच विनोद.) कमोडोरच्या १२८ मध्ये, १९८५ साली, ते दोन बाइट परत आले.

इतरांनी वेगळे रस्ते धरले. वॉझनियाकने अ‍ॅपल २ च्या इंटिजर बेसिकमध्ये स्ट्रिंगची कमाल लांबी आधीच जाहीर करायला लावली, कचराच नको. सिंक्लेअर स्पेक्ट्रम जुनी स्ट्रिंग लगेच काढून टाकतो आणि वरची मेमरी सरकवतो, म्हणजे रोज थोडी थोडी झाडलोट. बीबीसी मायक्रोमध्ये (१९८४ पासून क्लास प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आला तोच) सोफी विल्सनने कलेक्टर लिहिलाच नाही. स्ट्रिंग दिलेल्या जागेपेक्षा लांब झाली की बहुतेक वेळा नवी जागा घेते आणि जुनी सोडून देते. म्हणून तिथली युक्ती अशी की सुरुवातीलाच स्ट्रिंग हवी तेवढी लांब भरायची आणि मग रिकामी करायची, जागा राखीव राहते. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. मला यातलं बीबीसीचं सगळ्यात आवडतं, पण माझा कंपायलर कमोडोरचा, त्यामुळे इलाज नाही.

असो. माझ्या जोडणीचा कोड आता डिस्क्रिप्टरचे पत्ते ठेवतो. फळी मी तीनच्या ऐवजी आठची केली, कारण बाइट वाचवायला माझ्यावर कोणाचा दबाव नाही. प्रत्येक वेळी कलेक्शन करणारा तो स्विच मात्र काढला नाही, टेस्ट त्याच्यावरच चालतात. काल रात्री पाचशे आडनावं सात वेळा सॉर्ट केली. कुलकर्णी कुलकर्णींच्या घरी, देशपांडे देशपांडेंच्या. मग आकडा हजार केला आणि पडदा थिजला. मी घड्याळ लावून बसलो होतो.

"झालं का हँग?" आई.

"नाही गं, झाडतोय."

पुढच्या शनिवारी ते दोन बाइट.